पाचशे लिटरची गाडी

[रत्नागिरी, मिरजोळे एमआयडीसी. वेल्डिंगच्या ठिणग्या, ग्राइंडरचा आवाज.]

दीड इंची चौकोनी पाइप. कोपऱ्यांना आधी नुसते टाके. मग टेप लावून दोन्ही कर्ण मोजायचे, आणि सारखे भरले तरच पुढची वेल्डिंग. कर्णात बोटभर जरी फरक पडला, तरी सांगाडा गाडीच्या हौद्यात तिरका बसतो आणि टाकीचे ओझे एका बाजूला जास्त येते.

हा सांगाडा दोन भावांनी बनवायला टाकलाय, गाडीवर पाण्याची टाकी आणि पंप बसवून घरोघरी अंगणे धुण्याच्या धंद्यासाठी. गाडी त्यांच्याकडे आहेच: टाटा एस, सगळा महाराष्ट्र जिला छोटा हत्ती म्हणतो ती. हापूसच्या हंगामात ती पेट्या वाहते. पावसाळ्यात तिला फारसे काम नसते, आणि नेमके तेव्हाच रत्नागिरीतल्या घरांना काम निघते.

[पावसातली अंगणे. हिरव्या पायऱ्या.]

इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जांभ्याचा चिरा, म्हणजे इथल्या घरांचा लाल दगड, सच्छिद्र, पाणी पिणारा. शेवाळ पावसात हिरवे दिसते, उन्हात वाळून काळे पडते. गणपतीला चाकरमानी येण्याआधी अंगण, पायऱ्या, ओटा स्वच्छ हवा असतो. आणि तो घासायला घरात बहुतेक म्हातारीच माणसे उरलेली असतात.

परदेशात या धंद्याला मोटारीमागे ट्रेलर जोडतात. आमच्या पाखाड्यांच्या, म्हणजे अरुंद पायवाटांच्या, तोंडाशी तो ट्रेलर मागे घेऊन दाखवावा कुणीतरी. छोटा हत्ती मात्र माडांमधून वळतो.

[टाकी चढवताना. दोघे धरतायत, तिसरा ओरडतोय.]

टाकी पाचशे लिटरची. हजारची का नाही? पाण्याचे वजन लिटरला एक किलो, आणि या गाडीची क्षमता साधारण पाऊण टन. पाचशे किलो पाणी, त्यावर सांगाडा, इंजिन, पाइप, रसायनाचे कॅन. हिशेब तिथेच संपतो. शिवाय अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. वळणावर आतले पाणी एका बाजूला धावते आणि गाडीला आपल्याबरोबर ओढते. म्हणून टाकी आडवी, बुटकी, मागच्या चाकांच्या थोडी पुढे; आणि घाट असेल तर रिकामीच न्यायची.

सांगाडा गाडीला वेल्ड केलेला नाही, नटबोल्टवर बसवलाय. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायचा म्हटला की आरटीओची परवानगी आली. आणि आंब्याच्या दिवसांत हौदा मोकळा हवाच.

[दोन पंप शेजारी शेजारी.]

आता या गाडीतली खरी अक्कल. पंप दोन आहेत.

पहिला प्रेशर वॉशर: पेट्रोल इंजिन, दीडशे बारपर्यंत दाब, मिनिटाला बारा लिटर पाणी. सिमेंटचे अंगण आणि पेव्हर ब्लॉक यांच्यासाठी हा.

दुसरा इथल्या कुठल्याही बागायतदाराला ओळखीचा. आंब्यावर फवारणी करतात तो एचटीपी पंप, तीस-चाळीस बारचा. जांभ्यासाठी हाच. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागून वरून कडक होतो. दीडशे बारची धार जवळून मारली की ती कडक साल उडते, आतली भोके उघडी पडतात. भिंत त्या दिवशी लालभडक, सुंदर दिसते. पुढच्या पावसात ती आणखी पाणी पिते आणि शेवाळही आणखी धरते. अशा भिंती आम्ही पाहिल्या. घरमालक अजून त्या पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात.

फवारणीचा जुना पंप मात्र बागेतच राहिला. कीटकनाशक गेलेला पाइप कुणाच्या विहिरीच्या काठाला न्यायचा नाही, म्हणून पंप, पाइप, गन सगळे नवे.

[नोझल्स हातात. लाल, पिवळे, हिरवे, पांढरे.]

नोझलचे रंग म्हणजे धारेचा कोन. लाल शून्य अंशाचे, एका बिंदूवर मारणारे. पिवळे पंधरा, हिरवे पंचवीस, पांढरे चाळीस. लाल नोझल धाकट्याने डब्यात खाली टाकून दिलेय.

[पहिले घर. विहीर, मोटर, पाइप.]

बारा लिटरच्या वेगाने पाचशे लिटर जेमतेम चाळीस मिनिटे पुरतात. म्हणून घरी पोचल्यावर पहिले काम, विहिरीच्या मोटरचा पाइप टाकीला जोडणे. टाकीत बॉल कॉक आहे, टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा; मोटर आपल्या गतीने भरते, पंप आपल्या गतीने ओढतो. मध्ये जाळीचा फिल्टर, कारण विहिरीच्या पाण्यातला वाळूचा कण पंपाचे सील खातो. आणि इंजिन चालू ठेवून, गनचा खटका सोडून गप्पा मारत बसायचे नाही. पाणी पंपातच फिरत राहते, तापते, आणि सील जातात.

हट्टी काळ्या डागांना सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच, पातळ करून एक टक्क्याच्या आसपास. ते मोठ्या पंपातून जात नाही, धातू खाते. त्याला बॅटरीवरचा वेगळा छोटा पंप. आधी अबोली, तुळस, सुपारीची रोपे साध्या पाण्याने भिजवायची, नंतर पुन्हा धुवायची. अ‍ॅसिडबरोबर ते कधीही मिसळायचे नाही, विषारी वायू निघतो. उरलेले पाणी कुठे जाते हा प्रश्न आहेच. विहिरीच्या बाजूला उतार असेल तर हे भाऊ फक्त ब्रश आणि पाणी वापरतात.

[धुणे. नुसता आवाज, निवेदन नाही.]

गाडीचे हप्ते पावसाळ्यातही निघू लागलेत.

[अंगणाच्या कडेचा गडगा, नुसते दगड रचलेले कुंपण.]

काम झाल्यावर घरच्या आजोबांनी गडगा दाखवला. "आता एवढा हा पण धू की रे."

थोरला नको म्हणाला. "आजोबा, याच्यात चुना नाही, सिमेंट नाही. दगडांमधली माती न् मुळंच धरून ठेवतायत. धार मारली तर माती जाईल, पुढच्या पावसात गडगा खाली येईल."

"मग तो हिरवाच राहणार?"

"हिरवाच बरा आहे तो."

आजोबांना पटले नाही, हे दिसतेच आहे. पण पैसे त्यांनी ठरल्याप्रमाणे दिले, आणि दोघांना शेजारच्या घराचे अंगण दाखवायला घेऊन गेले.