काळे वाघ वाढले, म्हणजे निसर्गाने निवडले का?

नमस्कार मंडळी, नागपूरहून. 2024 च्या शेवटी आपल्या ताडोबातल्या दोन वाघिणी, जमुना आणि झीनत, ओडिशातल्या सिमिलीपालला नेल्या. झीनत तिथून निघाली ती झारखंड ओलांडून थेट बंगालात! तिची धावपळ सगळ्यांनी दाखवली. तिला नेलं कशासाठी, हे मात्र दोन ओळींत उरकलं.

(पडद्यावर: सिमिलीपालचा काळा वाघ)

हे बघा. पूर्ण काळा नाही हा. पट्टे इतके रुंद की एकमेकांत मिसळलेत. सिमिलीपालमध्ये तीनातला एकाहून जास्त वाघ असा. 2021 मध्ये जीवशास्त्रज्ञ उमा रामकृष्णन यांच्या गटाने कारण दाखवलं: टॅकपेप जनुकातलं एकच अक्षर बदललंय. आई-बाप दोघांकडून तो बदल आला तरच हा काळा रंग दिसतो.

आता व्हॉट्सॲपवरचं शास्त्र म्हणतं, दाट जंगलात काळा रंग लपायला बरा, म्हणून वाढला. ऐकायला झकास. पण पुरावा?

त्यासाठी मार्कर लागतात, म्हणजे डीएनएतल्या ओळखीच्या जागा. वाघाला हात न लावता विष्ठेतूनही त्या वाचता येतात. यातल्या कित्येक जागांचा जगण्या-मरण्याशी काही संबंध नसतो. वाघ थोडे उरले, बाहेरून कुणी आलं नाही, की या तटस्थ जागांवरही एखादा प्रकार निव्वळ योगायोगाने वाढतो, दुसरा नाहीसा होतो. अशी उलथापालथ डीएनएभर दिसते. निवडीची खूण मात्र ठरावीक जागीच उमटते. म्हणून आधी तटस्थ जागा मोजायच्या, मग रंगाच्या जनुकाकडे वळायचं.

सिमिलीपालचे वाघ थोडे आणि एकटे पडलेले. मोजके पूर्वज आणि योगायोग, एवढ्यानेच हिशेब जुळतो. निवड झालीच नसेल असं नाही, पण ती गृहीत धरायची गरज पडत नाही. आणि म्हणून इलाज काय? बाहेरचं रक्त. आपल्या वाघिणी त्यासाठीच गेल्या.

(पडद्यावर: गोरोंगोसाचा नकाशा)

आता याच्या उलट उदाहरण. मोझांबिकमध्ये 1977 ते 1992 यादवी युद्ध चाललं. हस्तिदंतासाठी एवढी शिकार झाली की तिथल्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानातले 90 टक्क्यांहून जास्त हत्ती संपले. बिनसुळ्यांच्या माद्या सुमारे 18 टक्के होत्या, त्या 51 टक्क्यांवर गेल्या. हत्ती इथेही कमीच झाले होते, म्हणून संशोधकांनी आधी योगायोगाचाच हिशेब मांडला. तो पुरला नाही. शिवाय एक्स गुणसूत्रावर, सुळे-दात घडवणाऱ्या जनुकाच्या आसपास, निवडीची खूण सापडली. युद्धानंतर जन्मलेल्या माद्यांतही जवळपास तिसरा हिस्सा बिनसुळ्यांचाच निघाला.