मूठ सुटत नाही तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा आणि सोडा. बोटं लगेच मोकळी झाली ना? मायोटोनिया असलेल्यांची होत नाहीत. कुणाशी हात मिळवला, तर तो सोडवायला त्यांना काही सेकंद लागतात. हातात जोर असतो, पण स्नायू सैल होत नाही. डॉ. युलियस थॉमसन यांनी १८७६ साली या आजाराचं वर्णन केलं, तेही स्वतःच्याच घराण्यातलं. त्यांना स्वतःलाही तो होता.

स्नायुतंतूच्या आवरणात सोडियमची सूक्ष्म दारं असतात. मज्जातंतूकडून निरोप आला की ती उघडतात, सोडियम आत घुसतं, विजेची लाट तंतूभर धावते आणि स्नायू आकसतो. मिलिसेकंदाच्या आसपास दाराला आतून अडसर लागतो. काही रुग्णांत हा अडसर नीट लागत नाही. काहींत, थॉमसन यांच्या घराण्यासारखं, स्नायूला शांत करणारी क्लोराइडची दारं अधू असतात. मग निरोप थांबला तरी लाटा उठतच राहतात. स्नायूत सुई घालून तपासणी करतात, तेव्हा यंत्राच्या स्पीकरवर त्या चक्क ऐकू येतात: मोटारसायकलचा कान पिळून सोडावा तशी चढती-उतरती घरघर.

यावर मेक्झिलेटिन देतात. दात काढताना हिरडीत टोचतात त्या लिडोकेनचंच हे भावंड, पण तोंडाने घ्यायचं. फुगा माशाचं विष दाराला बाहेरून बूच मारतं. त्यात श्वासाचे स्नायूही लुळे पडतात. मेक्झिलेटिन तंतूच्या आतल्या बाजूने दारात शिरतं. मिटून स्वस्थ बसलेल्या दाराला ते फारसं धरत नाही. उघडलेल्या किंवा नुकताच अडसर लागलेल्या दाराला मात्र घट्ट चिकटतं. म्हणून जो तंतू विनाकारण धडधडतोय, तोच अधिक अडवला जातो आणि जिना चढायचं बळ शाबूत राहतं. मला यातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं.

हे औषध मुळात हृदयाच्या बिघडलेल्या ठोक्यांसाठी आलं. २०१२ साली ५९ रुग्णांवरच्या चाचणीत त्याने स्नायूंचा ताठरपणा कमी झालेला दिसला. हृदयातही सोडियमची दारं आहेत, त्यामुळे ईसीजी काढल्याशिवाय ते सुरू करत नाहीत. पोटात जळजळ होते, म्हणून जेवणासोबत घ्यावं.

आणि घरात कुणाला हा आजार असेल, तर शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना न विसरता सांगा. भूल देताना वापरलं जाणारं सक्सिनिलकोलीन दिलं, तर अशा रुग्णाचा जबडा आवळून बसू शकतो आणि श्वासनलिकेत नळी घालणं अवघड होतं.