चारच्या तोफेपर्यंत व्हॅलेटा

(दृश्य: सकाळ. जहाजाच्या कठड्यावरून बंदर.)

न्याहारी अर्धवट टाकून सगळे डेकवर आलेत. यावंच. जहाज माल्टाच्या मोठ्या बंदरात शिरतंय. डावीकडे सेंट अँजेलोचा किल्ला आणि उजवीकडे पाण्यातून सरळ वर गेलेली मधाच्या रंगाची तटबंदी, माल्टाची राजधानी व्हॅलेटाची. माल्टी लोक या बंदराला 'इल-पोर्ट इल-क्बीर' म्हणतात. क्बीर म्हणजे मोठा, आपल्या कबीराच्या नावातला अरबी शब्द. लिपी रोमन असली तरी ही भाषा अरबीच्या घरातली.

जहाज संध्याकाळी सुटणार. बसची सहल आम्ही घेतली नाही. शहराची लांबी जेमतेम एक किलोमीटर, त्यात बसून काय बघायचं?

(दृश्य: खंदकातली लिफ्ट, मग वरची बाग.)

लिफ्ट ५८ मीटर वर, थेट अप्पर बराका बागेत सोडते. पुढे पायऱ्या भरपूर आहेत, इथे गुडघे वाचवलेले बरे.

१५६५ मध्ये इथे शहर नव्हतं. उघडा डोंगर आणि टोकाला सेंट एल्मोचा किल्ला. बेटाला वेढा घालून तुर्कांनी महिनाभर झुंजून तो घेतला, पण बेट त्यांना मिळालं नाही. वेढा उठल्यावर सेंट जॉनच्या नाइट्सचा, म्हणजे बेट राखणाऱ्या ख्रिस्ती लढवय्यांच्या पंथाचा, प्रमुख ला व्हॅलेट याने २८ मार्च १५६६ ला शहराचा पाया घातला. पोपने पाठवलेल्या लापारेलीने रस्ते पट्टीने आखल्यासारखे काढले. तुर्क पुन्हा येण्याची धास्ती होती, डोंगर सपाट करत बसायला सवड नव्हती. म्हणून इथला रस्ता चालता चालता जिना होतो. घराखाली पावसाच्या पाण्याचं टाकं हवंच, असा नियम होता. बेटावर बारमाही नदी नाही.

(दृश्य: सेंट जॉन कॅथेड्रल.)

बाहेरून अगदी गोदाम. आत पायाखाली सुमारे ४०० नाइट्सच्या संगमरवरी समाध्या, त्यांवर रंगीत दगडांत जडवलेले सांगाडे. बाजूच्या दालनात काराव्हाज्जो. रोममध्ये खून करून पळालेला हा चित्रकार १६०८ मध्ये इथे नाइट झाला आणि त्याच वर्षी हाकलला गेला. हकालपट्टीची सभा भरली ती याच दालनात. समोर त्याने रंगवलेला संत योहानाचा शिरच्छेद. मानेतून सांडलेल्या रक्तातच त्याने नाव लिहिलंय, त्याची सही असलेलं हे एकमेव चित्र. आणि जवळजवळ अर्धं चित्र म्हणजे नुसती काळोखी भिंत. आमची चाळीस मिनिटं इथे गेली. गेली तर गेली.

(दृश्य: गल्ल्या, लाकडी सज्जे.)

वाटेत पास्तित्सी, म्हणजे मटारचं सारण भरलेली इथली खारी. पापुद्रे शर्टभर.

(दृश्य: पुन्हा बाग, खाली बंदर.)

१८७८ मध्ये रशियाला धाक दाखवायला ब्रिटिशांनी सुमारे ७००० भारतीय सैनिक मुंबईहून सुएझमार्गे या बेटावर आणले होते. लढाई झालीच नाही.

कठड्याखाली तोफांची रांग. रोज बारा आणि चार वाजता बार होतो. पूर्वी बंदरातले कप्तान दुपारच्या तोफेवर जहाजाची घड्याळं लावत.

(तोफेचा आवाज.)

चार वाजले. बागेतली जहाजाची माणसं आता बरोबर ओळखू येतात: सगळी एकदम मनगटाकडे बघतात. लिफ्टपाशी रांग लागलीय.