साठ चांदीचे कप आणि लाल विमानं: यास्टा ११ ची गोष्ट

हा कप बघा. चांदीचा आहे, उंची जेमतेम दोन इंच, म्हणजे आपल्या देवघरातल्या पंचपात्रीपेक्षाही लहान. त्यावर चारच गोष्टी कोरल्यात. आधी नंबर, १. मग विमानाचं नाव, व्हिकर्स. मग परत एक आकडा, २. आणि शेवटी तारीख, १७.९.१६.

आता नंबर कळला, नाव कळलं, तारीख पण कळली. पण तो मधला २ कशाचा? तर पाडलेल्या विमानात माणसं किती होती त्याचा.

कप करून घेणारा होता चोवीस वर्षांचा जर्मन पायलट मान्फ्रेड फॉन रिख्टहोफेन. मूळचा घोडदळातला, पण पहिल्या महायुद्धातल्या खंदकांच्या लढाईत घोडेस्वाराला कामच उरलं नाही म्हणून विमानात आला, आधी मागे बसून टेहळणी करायचा, मग स्वतः उडवायला शिकला. पहिलं विमान पाडलं तेव्हा तो ओस्वाल्ड बोल्केच्या हाताखाली होता, आणि बोल्के म्हणजे हवाई लढाईचे नियम कागदावर मांडणारा माणूस. आणि हो, पडलेलं विमान व्हिकर्स नव्हतंच, ते होतं एफई-टू-बी. मागे पंखा असलेल्या सगळ्याच इंग्लिश विमानांना जर्मन तेव्हा सरसकट व्हिकर्स म्हणायचे. त्यातली दोन्ही माणसं गेली. रिख्टहोफेन शेजारीच उतरून बघून आला आणि नंतर बर्लिनच्या एका जवाहिऱ्याकडे ऑर्डर दिली. पुढे प्रत्येक विमानामागे एक कप, आणि दर दहावा जरा मोठा.

रेड बॅरन हे त्याचं टोपणनाव तुम्ही ऐकलं असणारच, पिझ्झ्याच्या डब्यापासून व्हिडिओ गेमपर्यंत सगळीकडे आहे ते. पण आज मला त्याच्या एकट्याबद्दल नाही बोलायचं, त्याच्या तुकडीबद्दल बोलायचंय. कारण त्या तुकडीचं यश एकट्या शूरवीराचं नव्हतंच, ते होतं टेलिफोनचं, दुर्बिणीचं, वाऱ्याचं आणि रेल्वेच्या डब्यांचं.

तुकडीचं नाव यागडश्टाफल ११, सगळे म्हणायचे यास्टा ११. यागड म्हणजे शिकार. १९१६ च्या ऑक्टोबरात उत्तर फ्रान्समधे दुए गावाजवळ ला ब्रायेलच्या मैदानावर ही तुकडी कामाला लागली, डझनभर विमानं आणि तेवढेच पायलट. आणि पुढचे तीन महिने त्यांनी काय केलं? काहीच नाही. एकही विमान पाडलं नाही. खातं भोपळ्यावर.

जानेवारी १९१७ मधे रिख्टहोफेन तिथे प्रमुख म्हणून आला. सोळा विमानं नावावर आणि पुर ल मेरिट हा प्रशियाचा सगळ्यात मानाचा निळा क्रॉस नुकताच गळ्यात पडलेला. २३ जानेवारीला यास्टा ११ चं पहिलं विमान पडलं, आणि ते त्यानेच पाडलं. पण दुसऱ्याच दिवशी काय झालं, हवेत असताना त्याच्या नव्याकोऱ्या अल्बाट्रॉस डी-थ्रीचा खालचा पंख तडकला! कसाबसा उतरला म्हणून वाचला. डी-थ्रीचा खालचा पंख फ्रेंच न्यूपोर विमानाच्या धर्तीवर अरुंद केलेला, त्यामुळे पायलटला खालचं छान दिसायचं, विमान चढायचंही झकास, पण जोरात सूर मारला की तो पंख पिळवटायचा. म्हणजे शत्रूच्या आधी स्वतःच्या विमानाची भीती. तरी त्याच विमानावर पुढचा सगळा इतिहास घडला.

आता येतो एप्रिल १९१७. इंग्लंडमधे या महिन्याला आजही रक्ताळलेला एप्रिल म्हणतात.

९ एप्रिलला फ्रान्समधल्या आरासची लढाई सुरू झाली. जमिनीवर इंग्रज तोफखाना आग ओकत होता, पण गोळा नक्की कुठे पडतोय हे तोफेजवळून दिसत नाही ना, ते सांगायला वर विमान लागतं. खंदकांचे फोटो काढायलाही विमान लागतं. आणि हे काम करणारी इंग्रजांची बीई-टू विमानं म्हणजे अक्षरशः बैलगाड्या होत्या. संथ आणि सरळ उडणारी, त्यात टेहळणी करणारा माणूस पुढच्या सीटवर, त्याच्या चारी बाजूंना पंख आणि तारा, मग तो बिचारा बंदूक फिरवणार कुठे? मागून येणारा अल्बाट्रॉस ताशी १७० किलोमीटरच्या आसपास, त्याच्या नाकावर पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या सोडणाऱ्या दोन मशीनगन. ही काही बरोबरीची लढत नव्हती हो.

त्यात वारा. त्या भागात वारा बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे इंग्रजांकडून जर्मनांकडे वाहतो. चकमक सुरू झाली की सगळी विमानं गोल गोल फिरत जर्मन हद्दीत आत आत सरकत जायची, आणि इंग्रज पायलटला जखमी इंजिन घेऊन घरी परतायचं तर समोरून वारा. जर्मन पायलट खाली उतरला तर आपल्याच माणसांत, संध्याकाळी परत मेसमधे हजर. इंग्रज उतरला तर कैदी. आणि इंग्रजांचे हवाई प्रमुख ट्रेन्चर्ड यांचा हुकूम काय, तर रोज पलीकडे जायचंच, नुकसान कितीही होवो.

हे सगळं यास्टा ११ वाल्यांना नीट कळलं होतं. हा फोटो बघा, रुकूरच्या मैदानावरचा. तिकाटण्यावर मोठी दुर्बीण लावलीय आणि पायलट आळीपाळीने आभाळ बघतायत. आघाडीवर टेहळे बसलेले, त्यांच्याकडून टेलिफोन यायचा की इतकी विमानं अमुक दिशेने निघाली, की मेकॅनिक इंजिन सुरू करणार आणि ही मंडळी चहा-कॉफी टाकून वर. उगाच आभाळात गस्त घालत पेट्रोल जाळायचं नाही. सावज आलं की उठायचं.

५ एप्रिलला इंग्रजांची नवीकोरी ब्रिस्टल फायटर पहिल्यांदाच आघाडीवर आली, सहा विमानं, प्रमुख होता लीफ रॉबिन्सन, लंडनवर आलेलं जर्मन हवाई जहाज पाडून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला हिरो. सहापैकी चार यास्टा ११ ने पाडली, रॉबिन्सन कैद झाला. मग १३ एप्रिलला ५९ स्क्वाड्रनची सहा आरई-एट विमानं फोटोच्या कामावर निघाली, त्यातलं एकही परत गेलं नाही. सहाच्या सहा. प्रत्येकात दोघं.

महिनाभरात यास्टा ११ च्या खात्यावर ८९ विमानं. जानेवारीपर्यंत भोपळा असलेल्या तुकडीच्या! इंग्रजांची एकूण २४५ विमानं त्या महिन्यात गेली, त्यातला एवढा मोठा घास एकट्या तुकडीचा.

तुकडीतली माणसं कोण? मान्फ्रेडचा धाकटा भाऊ लोथार, हा थोडा आडदांड, विचार नंतर आणि उडी आधी. कुर्ट वोल्फ, दिसायला इतका नाजूक की दोस्त त्याला कोवळं फूल म्हणून चिडवायचे, आणि या कोवळ्या फुलाने एकूण ३३ विमानं पाडली. कार्ल आल्मेनरोडर. कार्ल एमिल शेफर. आणि सेबास्टियन फेस्टनर. विमानं सगळ्यांची लाल, कारण साहेबाचं लाल, पण ओळख पटावी म्हणून प्रत्येकाची वेगळी खूण, लोथारची पिवळी, आल्मेनरोडरची पांढरी, शेफरची काळी, वोल्फची हिरवी. लपायचं सोडून हे लोक जत्रेतल्या पाळण्यासारखे रंग लावून फिरत होते. पण त्यात एक व्यवहारही होता, दहा-बारा विमानांच्या घोळक्यात आपला कोण हे एका नजरेत कळायचं, आणि वर रेडिओ तर यांच्यापैकी कोणाकडेच नव्हता.

एप्रिलच्या शेवटी वडील, मेजर रिख्टहोफेन, मुलांना भेटायला मैदानावर आले. लोथार विमानातून उतरला आणि वडिलांना सांगितलं की आत्ताच एक पाडून आलो, मागोमाग मान्फ्रेड उतरला, त्यानेही तेच सांगितलं. घरी शाळेचा निकाल सांगावा तसं. मला या गोष्टीचं हसूही येतं आणि अंगावर काटाही येतो.

लोथारच्या नावावर अजून एक वाद आहे तो सांगतोच. ७ मे ला इंग्रजांचा लाडका हिरो आल्बर्ट बॉल मेला, वयाच्या विसाव्या वर्षी. जर्मनांनी जाहीर केलं की लोथारने पाडला. पण लोथारने स्वतःच्या रिपोर्टात तीन पंखांचं विमान पाडल्याचं लिहिलेलं, आणि बॉल होता दोन पंखांच्या एसई-फाइव्हमधे! जमिनीवरच्या जर्मन लोकांनी पाहिलं होतं ते एवढंच की विमान ढगातून उलटं बाहेर आलं आणि कोसळलं. पण दुसऱ्यांचा हिरो आपल्या हिरोने मारला ही बातमी कुठल्या सरकारला नको असते?

२४ जून १९१७ ला यास्टा ४, ६, १० आणि ११ एकत्र करून एक मोठी तुकडी केली, यागडगेश्वाडर १. चार यास्टा मिळून पन्नासेक विमानं. कल्पना अशी की जिथे लढाई पेटेल तिथे हा सगळा बाडबिस्तरा हलवायचा. तंबू, वर्कशॉप, सुटे भाग, मेकॅनिक, सगळं रेल्वेच्या डब्यांत आणि ट्रकमधे, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. रंगीत विमानं, तंबू आणि गावोगाव मुक्काम, मग इंग्रजांनी नाव ठेवलं फ्लाइंग सर्कस.

पण गंमत बघा, सर्कस उभी राहीपर्यंत जुने खेळाडू संपत आले होते. फेस्टनर एप्रिलमधेच गेला. शेफर ५ जूनला. आल्मेनरोडर सर्कस झाल्यावर तीन दिवसांत. ६ जुलैला खुद्द रिख्टहोफेनच्या डोक्याला गोळी चाटून गेली, काही क्षण त्याला दिसेनासं झालं, अर्धवट शुद्धीत उतरला. जखम नीट भरायच्या आत परत उडायला लागला आणि मग उतरल्यावर मळमळ, डोकेदुखी. जवळच्यांना जाणवत होतं की माणूस बदललाय.

ऑगस्टच्या शेवटी आलं फोकरचं तीन पंखांचं विमान. १ सप्टेंबरला रिख्टहोफेन ते घेऊन वर गेला, समोर एक आरई-एट. त्यातला मागचा बंदूकवाला उभा होता, यांच्याकडे बघत होता, आणि बंदूक उचलत नव्हता. का? तर तीन पंखांचं विमान म्हणजे आपलंच असा त्याचा समज, कारण इंग्रजांच्या नौदलाकडे सॉपविथ ट्रायप्लेन होती. रिख्टहोफेनने रिपोर्टात हे जसंच्या तसं लिहिलंय. बंदूकवाला गेला, पायलट कैद झाला. हे साठावं विमान.

आणि हाच शेवटचा कप. जर्मनीत चांदीची टंचाई झाली, ऑर्डर बंद. पुढची वीस विमानं बिनकपाची.

त्या तीन पंखी फोकरचं कौतुक फार होतं, पण एकूण बनली फक्त ३२०. वळायला आणि चढायला बेफाम, सरळ पळायला मात्र मंद. वोल्फ १५ सप्टेंबरला त्याच्यातच मेला, यास्टा १० चा वेर्नर फॉस २३ तारखेला, एकटा सात-आठ जणांशी लढून. ऑक्टोबरच्या शेवटी तर दोन दिवसांत दोन पायलट गोळी न लागता गेले, वरचा पंखच हवेत फाटला. चौकशीत निघालं काय, तर जोडणी आणि वार्निश नीट नाही, लाकडात ओल गेलेली. सगळी विमानं जमिनीवर ठेवून पंख बदलावे लागले.

शिवाय इंजिन. त्या विमानाचं अख्खं इंजिन पंख्याबरोबर गरगर फिरायचं आणि त्याला वंगण लागायचं एरंडेल. हो, आजी पोट साफ व्हायला द्यायची तेच. आता एरंडी येणार कुठून, भारतासारख्या गरम देशांतून, आणि समुद्रावर पहारा इंग्रजांचा. मग जर्मनांनी पर्यायी तेल वापरलं आणि उन्हाळ्यात इंजिनं तापून बंद पडायला लागली.

२१ एप्रिल १९१८. मुक्काम कापी, सॉम नदीकाठी. त्या दिवशी तुकडीत एक नवखा होता, रिख्टहोफेनचा दूरचा चुलतभाऊ वोल्फराम. त्याला सांगितलेलं की लांब राहा, लढाईत शिरू नको. समोरच्या बाजूलाही एक नवखा, विल्फ्रिड मे, त्यालाही तेच सांगितलेलं. दोन्ही नवखे बरोबर एकमेकांना भिडले. मेची बंदूक अडकली, तो पळाला, आणि रिख्टहोफेन भावाला सोडवायला त्याच्या मागे लागला, खाली, आणखी खाली, इंग्रज हद्दीत आत. जे दुसऱ्यांना करू नका म्हणून बजावायचा नेमकं तेच. मागून कॅनडाचा रॉय ब्राउन आला, खालून ऑस्ट्रेलियन मशीनगन. श्रेय ब्राउनला मिळालं, पण गोळी उजव्या बगलेतून वर गेली होती, त्यामुळे आज बहुतेक अभ्यासक जमिनीवरच्या बंदुकीकडेच बोट दाखवतात. मलाही तेच पटतं. तासाभरात लोकांनी लाल विमानाचं कापड आठवण म्हणून कापून नेलं. दुसऱ्या दिवशी बेर्तांगल गावात ऑस्ट्रेलियन सैनिकांनी मानवंदना देऊन त्याला पुरलं.

इथून फार लांब नाही असं एक दुसरं गाव आहे, हांगार. तिथल्या युद्ध कबरींमधे एक नाव दिसेल, लेफ्टनंट वेलिणकर. श्रीकृष्ण वेलिणकर, आपल्या मुंबईचा मुलगा, रॉयल एअर फोर्सच्या २३ स्क्वाड्रनमधे सॉपविथ डॉल्फिन उडवायचा. जून १९१८ मधे पाडला गेला आणि ३० तारखेला जर्मनांच्या कैदेत जखमांनी वारला.

सर्कस पुढे चालू राहिली. नवा प्रमुख राइनहार्ड जुलैत बर्लिनजवळ नवीन विमानाची चाचणी घेताना मेला. त्याच विमानात त्याच्या आधी एक जण चक्कर मारून सुखरूप उतरला होता, त्याचं नाव हेरमान ग्योरिंग. मग प्रमुखपदही त्यालाच मिळालं. नोव्हेंबरात युद्ध संपलं, फोकर डी-सेव्हन विमानं शत्रूला द्या असं तहातच नाव घेऊन लिहिलेलं, तर काहींनी उतरताना मुद्दाम आपटून ती मोडली. आशाफेनबुर्गच्या एका कागद कारखान्यात तुकडी विसर्जित झाली. खात्यावर एकूण ६४४ विमानं.

ग्योरिंग पुढे हिटलरच्या हवाई दलाचा प्रमुख झाला. आणि तो नवखा चुलतभाऊ वोल्फराम, ज्याला वाचवायला मान्फ्रेड खाली गेला, त्याने १९३७ मधे स्पेनमधे गेर्निका गावावर बॉम्ब टाकणाऱ्या कोंडोर लीजनच्या मोहिमेचं नियोजन केलं.

आणि कप? आईने १९३३ मधे श्वाइडनित्सच्या घरात मुलाचं संग्रहालय केलं. भिंतीवर पाडलेल्या विमानांच्या कापडावरचे नंबर, छताला विमानाच्या इंजिनाचं झुंबर, कपाटात चांदीचे कप. १९४५ मधे रशियन फौजा आल्या आणि सगळं सामान गेलं. गाव आता पोलंडमधे आहे, नाव श्विदनित्सा. घर अजून उभं आहे.