सुरमईच्या अंगावरचे पट्टे

श्रोतेहो, नमस्कार.

सुरमई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती तुकडी, रवा लावून खरपूस तळलेली. गोव्यात हिलाच इसवण म्हणतात. आज मला बोलायचंय ते अख्ख्या सुरमईबद्दल, कारण तुकडीत तिचे दात दिसत नाहीत.

रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या बंदरावर एकदा मी तिचा खालचा जबडा बोटाने ओढून पाहिला. दात चपटे, त्रिकोणी, एकाला एक लागून, आणि धार अशी की बोट पटकन मागे घेतलं. गळाने मासे धरणारे म्हणूनच गळाच्या वर तार बांधतात. नुसतं तंगूस असेल तर ती चावून तोडते आणि गळासकट निघून जाते.

पोटात हवेची पिशवी असली की मासा पाण्यात एका जागी तरंगू शकतो. सुरमईला ती पिशवीच नाही. पोहणं थांबलं की खाली जायचं, म्हणून ती जन्मभर पोहत राहते. बांगडा आणि कुपा हे तिच्याच कुळातले, तेही असेच अथक पोहणारे. तारली, माकूल यांच्या थव्यामागे ती लागली की निसटणं कठीण. ही जात अडीच मीटरच्या जवळपास वाढू शकते, वजन 70 किलोपर्यंत. आपल्या बाजारात येते ती बहुतेक वेळा याच्या पासंगालाही पुरत नाही.

आणि इथेच माझा जीव तुटतो. मादी पहिल्यांदा अंडी घालण्याजोगी होते तेव्हा ती साधारण 70 सेंटिमीटरच्या आसपास असते. त्याआधीच ती जाळ्यात आली, तर तिची पुढची पिढी समुद्रात उतरलीच नाही. राज्य सरकारने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, हे फार बरं झालं. पण बाजारात उभं राहून मोजपट्टी कोण काढणार?

त्यावर एक सोपी खूण आहे. सुरमईच्या कुशीवर उभे, किंचित नागमोडी पट्टे असतात. पूर्ण वाढलेल्या माशावर ते 40 ते 50 असतात. 45 सेंटिमीटरपर्यंतच्या पिल्लावर बहुधा 20 पेक्षाही कमी. मात्र पट्ट्यांऐवजी ठिपक्यांच्या रांगा दिसल्या तर ती सुरमईचीच दुसरी, लहान राहणारी जात. तिला हा हिशेब लावू नका.

परवा बाजारात हातभर लांबीची एक सुरमई उचलली. मोजले, सोळा पट्टे. "घ्या ओ, कवळी आहे, गोड लागेल," मावशी म्हणाल्या. गोड लागलीही असती. मी ती परत ठेवली आणि शेजारच्या थोराड माशाच्या चार तुकड्या मागितल्या. मावशींनी पोट चिरलं, तर आतून एक अख्खी तारली निघाली. तिची खवलं अजून चमकत होती.