तिला लग्न का नको होतं?

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'क्लॅरिसा नाही का म्हणाली' आणि मला मिळालीयत पंचवीस मिनिटं. सॅम्युअल रिचर्डसन या अठराव्या शतकातल्या इंग्रज छापखानेवाल्या लेखकाची ही 'क्लॅरिसा' कादंबरी सात खंडांची, सगळी पत्रांतून सांगितलेली, पाचशेच्या वर पत्रं, तेव्हा संयोजकांच्या आशावादाला सलाम. त्या काळचे नामवंत समीक्षक आणि कोशकार डॉ. जॉन्सन म्हणायचे, रिचर्डसनला गोष्टीसाठी वाचायला घ्याल तर वैतागून गळफास लावून घ्याल. मी दोनदा वाचलीय, अजून उभा आहे तुमच्यासमोर. (हशा)

कथा तुम्हाला माहितीये. आजोबांनी इस्टेट नातीच्या, म्हणजे क्लॅरिसाच्या, नावावर केली, भावाबहिणीचा जळफळाट झाला, घरच्यांनी त्या सोम्स नावाच्या, तिला मुळीच नको असलेल्या श्रीमंताशी लग्नाचा घाट घातला, आणि हे सगळं होईपर्यंत तिच्या मागे लागलेला लव्हलेस तिला पळवून न्यायला बागेच्या फाटकाशी तयारच! देखणा, हजरजबाबी, पत्र तर असं लिहितो की वाचणारा विरघळलाच पाहिजे. आणि इथेच माझं जुनं दुखणं आहे. कुठेही या कादंबरीवर बोललो की चहाच्या वेळी कुणीतरी हळूच येऊन म्हणतंच, "पण सर, लव्हलेस तसा आवडतो हो." अहो, रशियन भाषेत बाईबाज माणसाला 'लोव्हेलास' म्हणतात, या पठ्ठ्याच्या नावावरून, आणि तुम्हाला तो आवडतो!

पण तुम्हाला एकट्याला कशाला बोल लावू? १७४८ साली, शेवटचे खंड यायचे होते तेव्हा, लेडी ब्रॅडशे नावाच्या बाईंनी 'बेलफर' असं खोटं नाव घेऊन रिचर्डसनला पत्रं लिहायला सुरुवात केली. काय वाट्टेल ते करा पण मुलीला वाचवा, लव्हलेसला सुधारा, दोघांचं लग्न लावून द्या. आणि वर कबुली, की तो मला आवडतो, इलाज नाही. रिचर्डसन बधला नाही, पण पत्रव्यवहार चालू ठेवला. मग भेटायचं ठरलं, बाई काही ओळख देईनात. तेव्हा साठीला टेकलेल्या या छापखानेवाल्यानं स्वतःचं वर्णन लिहून पाठवलं: बुटका, जरा गोलमटोल, फिकट रंगाचा विग, एक हात छातीशी कोटात, दुसऱ्या हातात काठी. आणि गेला सेंट जेम्स पार्कात फेऱ्या मारायला! फेऱ्यांवर फेऱ्या, बाई पुढे येतच नाहीत. ज्यानं सात खंड पुरुष बाईमागे कसा लागतो ते लिहिलं, त्यालाच एका बाईनं असं फिरवलं, मला तर भारी मजा वाटते. शेवटी १७५० मध्ये भेट झाली एकदाची. तेरा वर्षांचा असताना हाच रिचर्डसन तीन तरुणींना त्यांच्या प्रियकरांसाठी पत्रांचे मसुदे लिहून द्यायचा, म्हणजे धंदा जुनाच! ते प्रकरण तर... काय? पाच मिनिटं? बरं बरं, चिठ्ठी मिळाली.

तर मुद्दा. लव्हलेसचा हिशोब साधा होता: एकदा बाई हाती लागली की ती कायमचीच आपली, मग लग्न करून टाकलं की बोंब मारायला कुणी उरत नाही. म्हणून तर बनावट पत्रं, खोटे नातेवाईक, आणि ते सिंक्लेअरबाईचं घर, जे तिला साधं भाड्याचं घर वाटतं आणि असतो कुंटणखाना. तिथे गुंगीचं औषध देऊन तो तिच्यावर बलात्कार करतो. मग तो लग्नाला तयार, त्याच्या घरचे तयार, आणि तिची जिवाभावाची मैत्रीण ॲना, तीसुद्धा लिहिते की कर बाई लग्न. सगळी दुनिया लेडी ब्रॅडशेच झालेली! पण तेव्हाच्या इंग्लंडात लग्न झालं की बायकोची मालमत्ता आणि अंग दोन्हीवर नवऱ्याचाच हक्क, म्हणजे झालेल्या गुन्ह्याला मागाहून नवराबायकोची भानगड म्हणता आलं असतं. ती नाही म्हणाली आणि त्याचा अख्खा हिशोब चुकला, कारण त्यात तिची मर्जी त्यानं कधी धरलीच नव्हती. लोक तरी त्याच्यावर लट्टूच, म्हणून १७५१ च्या आवृत्तीत रिचर्डसनला मजकूर वाढवून त्याला आणखी काळा रंगवावा लागला.

घंटा वाजवताय, एकच सांगतो आणि बसतो. शेवटी ती स्वतःची शवपेटी आधीच मागवून घेते, खोलीत खिडकीपाशी ठेवते आणि तिच्यावर, टेबल असल्यासारखं, पत्रं लिहिते. एकोणीस वर्षांची पोर. झाकणावर तारीख कोरून घेतलीय १० एप्रिल. मरते ती सप्टेंबरात. १० एप्रिल हा ती बापाच्या घरातून बाहेर पडली तो दिवस.