कीवर्ड फुटतो कुठून?

शोधयंत्रावर जाहिरात दिसावी म्हणून ज्या शब्दावर बोली लावतात तो कीवर्ड, आणि छोट्या जाहिरातदाराचा कीवर्ड गूगल मोठ्या कंपनीला फोडते का, असा संशय अनेकांना येतो. १९९८ साली कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना येथून सुरू झालेल्या गोटू डॉट कॉम या संकेतस्थळावर एखादा शब्द शोधला, की समोर येणाऱ्या प्रत्येक जाहिरातीपाशी एक बारीक ओळ दिसत असे. या एका क्लिकसाठी जाहिरातदार किती सेंट मोजतो, त्याचा आकडा त्या ओळीत असे. बिल ग्रॉस यांनी मांडलेल्या या बाजारात बोली उघड होती. पुढे ओव्हर्चर हे नाव घेतलेल्या आणि २००३ साली याहूने विकत घेतलेल्या या कंपनीच्या बाजारात काही चतुर मंडळींनी उघड बोलीचा खोडसाळ उपयोगही शोधून काढला होता. वरच्या क्रमांकावरच्या प्रतिस्पर्ध्याची कमाल बोली पाहायची आणि तिच्याहून फक्त एक सेंट कमी बोली लावायची. एरवी वरच्याला खालच्या बोलीहून जेमतेम एक सेंट जास्त मोजावा लागे; आता मात्र त्या बिचाऱ्याला प्रत्येक क्लिकमागे आपली पूर्ण रक्कम मोजावी लागे आणि त्याचे दिवसाचे बजेट वेळेआधीच संपून जाई.

गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये साडेतीनशे जाहिरातदारांना घेऊन अ‍ॅडवर्ड्स ही आपली जाहिरात सेवा सुरू केली आणि फेब्रुवारी २००२ मध्ये तिला प्रतिक्लिक लिलावाची जोड दिली. इथे बोली बंद पाकिटात गेली. कोणी किती लावले आणि कोणत्या शब्दावर लावले, हे आता फक्त लिलाव चालवणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि नेमक्या याच ठिकाणी छोट्या जाहिरातदाराच्या मनात पाल चुकचुकते. महिनोन्महिने पैसे घालवून, शंभर शब्द टाकून आणि नव्वद काढून, त्याने स्वस्तात गिऱ्हाईक आणणारा एखादा शब्द हेरलेला असतो. एके दिवशी त्याच शब्दावर एखादी बलाढ्य कंपनी त्याच्या वर येऊन बसते आणि क्लिकचा दर चढू लागतो. परीक्षेचा पेपर फुटावा तसा आपला कीवर्ड फुटला, असे त्याला वाटते, आणि फोडणारा कोण असेल याचा विचार करताना बोट आपोआप पाकीट सांभाळणाऱ्या गूगलकडे जाते.

हा संशय तपासायचा तर जाहिरातदाराला आपल्या खात्यात प्रत्यक्ष काय दिसते, तिथूनच सुरुवात करायला हवी.

मे २०१२ पासून गूगलच्या जाहिरात खात्यात ऑक्शन इनसाइट्स नावाचा अहवाल मिळतो. त्यात डावीकडे प्रतिस्पर्ध्यांच्या संकेतस्थळांची नावे असतात आणि पुढे टक्केवारीचे रकाने असतात. शक्य तितक्या वेळांपैकी कोणाची जाहिरात किती वेळा दिसली, तुमच्यासोबत ती किती वेळा झळकली, सोबत झळकताना किती वेळा तुमच्या वर राहिली, हे त्यातून कळते. बोली त्यात नसते आणि समोरच्याच्या कीवर्डांची यादीही नसते. हा अहवाल एकेका कीवर्डापुरताही काढता येतो, पण तो कीवर्ड आधी तुमच्या स्वतःच्या खात्यात असावा लागतो. त्यामुळे मोठ्या कंपनीला यातून तुमचा नवा शब्द सापडत नाही. तिने आधीच घेतलेल्या शब्दावर तुम्हीही उभे आहात, एवढेच तिला दिसते. खिडकी मात्र दोन्ही बाजूंनी उघडी असते: तुम्ही तिच्याकडे पाहता, तशी तीही तुमच्याकडे पाहत असते.

कीवर्ड प्लॅनर या साधनाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. त्यात एखाद्या शब्दाचा महिन्याचा शोध किती, स्पर्धा कमी की जास्त, आणि पानाच्या माथ्यावर येण्यासाठी साधारण किती ते किती बोली लागते, याचे आकडे मिळतात. हे आकडे आकाशातून पडत नाहीत. त्या शब्दावर आजवर खर्च करणाऱ्या सर्वांच्या, म्हणजे तुमच्याही, व्यवहारांतून ते निघतात. नाव पुसून, सरासरीत मिसळून, पण तुमची बोली तिथे असते. याच साधनात एखाद्या स्पर्धकाच्या संकेतस्थळाचा पत्ता टाकला तर कीवर्डांची लांबलचक यादी समोर येते. ती पाहून अनेकांचा समज होतो की त्या स्पर्धकाचे खातेच उघडले. प्रत्यक्षात त्या सूचना त्याच्या पानांवरच्या मजकुरावरून केलेल्या असतात.

२०१६ साली या साधनात एक बदल झाला, आणि आमच्या मते मोठा-छोटा हा भेद सर्वांत उघडपणे दिसला तो तिथेच. कमी खर्च करणाऱ्या खात्यांना तेव्हापासून नेमका आकडा न दाखवता ‘एक हजार ते दहा हजार’ असा ऐसपैस पट्टा दाखवला जाऊ लागला, आणि पुरेसा खर्च करणाऱ्यांना अधिक नेमके आकडे मिळत राहिले. यात कोणाचे गुपित कोणाला विकलेले नाही. पण सगळ्यांकडून गोळा झालेली माहिती जास्त पैसे टाकणाऱ्याला जास्त स्पष्ट दिसते, हे मात्र खरे.

भारतात हा प्रश्न न्यायालयात वेगळ्या दाराने शिरला. अग्रवाल पॅकर्स अँड मूव्हर्स हे नाव चालवणाऱ्या डीआरएस लॉजिस्टिक्स या कंपनीची तक्रार अशी होती, की आपले नोंदणीकृत नाव शोधणाऱ्या ग्राहकाला सामान हलवणाऱ्या इतरांच्या जाहिराती दाखवल्या जातात. १० ऑगस्ट २०२३ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने निकाल दिला. ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून वापरणे हा जाहिरातीतला वापरच ठरतो आणि त्यात गूगल हा निव्वळ निष्क्रिय मध्यस्थ नसून सक्रिय सहभागी आहे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र ग्राहकाचा गोंधळ उडत नसेल, तर केवळ कीवर्ड म्हणून वापरल्याने ट्रेडमार्कचा भंग होत नाही, असेही स्पष्ट केले. इथे ज्या शब्दावरून भांडण होते तो गुपित नव्हता, दुकानाच्या पाटीवर रंगवलेला होता. प्रश्न एवढाच होता, की ती पाटी दुसऱ्याच्या हाती सोपवायला लिलाववाल्याने किती मदत करावी.

खरी वाट आणखी खाली आहे, आणि तिथे कीवर्ड फोडण्याची गरजच उरत नाही. कीवर्ड आणि शोध जुळवण्याचा एक्झॅक्ट मॅच हा पर्याय म्हणजे पूर्वी लिहिला तो आणि तोच शब्द. २०१४ मध्ये अनेकवचन, चुकीचे स्पेलिंग अशी जवळची रूपे सक्तीने त्यात आली, २०१७ मध्ये शब्दांचा क्रम सैल झाला आणि २०१८ मध्ये समान अर्थाचे शोधही ग्राह्य धरले जाऊ लागले. गूगलने त्या वेळी दिलेले उदाहरण योसेमिटी या राष्ट्रीय उद्यानाचे होते: जाहिरातदाराने ‘योसेमिटी कॅम्पिंग’ घेतले असेल, तर ‘योसेमिटी कॅम्पग्राउंड’ शोधणाऱ्यालाही त्याची जाहिरात दिसेल. रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध अगदी नवे असतात, असे कारण कंपनीने पुढे केले, आणि ते खोटे नाही. पण याचा दुसरा अर्थ असा, की तुम्ही कष्टाने हेरलेला शब्द मोठ्या कंपनीच्या यादीत नसला तरी चालतो. तिने ढोबळ शब्द घेऊन ब्रॉड मॅच, म्हणजे संबंधित शोधांवरही जाहिरात दाखवणारी सैल जुळणी, चालू ठेवली, की यंत्रणाच तिला तुमच्या लिलावात आणून उभी करते. तिला तुमची यादी कोणी दिलेली नसते; तिचे बजेटच तिला तिथवर घेऊन येते.

अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी सामान्य शोध आणि शोधातील मजकुरी जाहिराती या बाजारांत गूगलने बेकायदा मक्तेदारी टिकवली असा निकाल दिला, तेव्हा त्यात या सैल जुळणीचीही दखल घेतली गेली. जाहिरातदाराला आपली जाहिरात नेमक्या कोणत्या शोधावर लागली हे सांगणारा अहवालही सप्टेंबर २०२० मध्ये गोपनीयतेच्या कारणाने तुटक झाला होता. नंतर त्यातला काही भाग परत मिळाला. म्हणजे स्पर्धकाचे दिसत नाही ते ठीक, आपलेही पुरते दिसत नाही.

२ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाने उपाय ठरवले. शोध निर्देशांकाचा, म्हणजे गूगलने केलेल्या वेबपानांच्या सूचीचा, आणि वापरकर्त्यांच्या वर्तनाचा काही डेटा पात्र प्रतिस्पर्धी शोधयंत्रांना द्यावा असे सांगताना जाहिरातींचा डेटा त्यातून वगळला गेला. जाहिरातदारांना शोधागणिक बारीक माहिती पुरवण्याची आणि जुन्या अर्थाचा एक्झॅक्ट मॅच परत आणण्याची मागणीही न्यायालयाने मान्य केली नाही. लिलावात मोठा बदल केला तर तो जाहीर करावा लागेल, एवढे बंधन मात्र घातले.

छोट्या जाहिरातदाराच्या हाती आज निगेटिव्ह कीवर्ड, म्हणजे ज्यावर आपली जाहिरात दिसू नये असा शब्द, उरतो. हा जाहिरातदार आठवड्यातून एकदा शोधांचा अहवाल उघडतो, आपल्या पैशाने लागलेले पण आपल्या कामाचे नसलेले शब्द एकेक करून बाद यादीत टाकतो आणि खाते बंद करतो. त्या यादीने फक्त त्याचीच जाहिरात अडते. शेजारचा मोठा दुकानदार कोणत्या शब्दावर येतो, यावर तिचा काहीही अंमल चालत नाही.